ओढ्यात मशीन घालण्याआधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

ग्रामपंचायतीत निवडून आल्या आल्या तू ओढ्याचं काम हाती घेतलंस, याचा फार आनंद झाला. पण ओढा खोल करायला मशीन ठरवलंयस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मशीन थांबव.

आपल्या माणदेशात वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार-दोन दिवसांत झोडपून जाणारा. खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड काळ्या पाषाणात ते मुरत नाही. गाळ काढणं वेगळं, मुरूम उकरणं वेगळं. गाळाने तळ लिंपला असेल तर जरूर काढा, शेतात टाका. पण मुरमाला हात लावलात, तर काठच्या विहिरींचं पाणी उलटं त्या चरात उतरतं आणि उन्हाने उडून जातं. ओढा भरलेला दिसतो, विहिरी मात्र लवकर तळ गाठतात. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार ही सरकारी योजना सुरू झाली, त्यातल्या नाला खोलीकरणावर भूजलाच्या जाणकारांचा आक्षेप होता तो हाच.

आधी ओढा चालून बघ, माथ्यापासून. मेंढरं राखणाऱ्यांना बरोबर घे. उन्हाळ्यात कळप कुठल्या डबक्यावर उतरवायचा हे त्यांना पाठ असतं. धुणं धुणाऱ्या बायकांना विचार, एप्रिलात कुठल्या दगडापाशी पाणी राहतं. तिथे वाळूत हातभर खड्डा घे. पाणी काठाकडून पाझरत असेल तर तो झरा. ती जागा कुणालाही उकरू देऊ नकोस. ग्रामसभेत या माणसांना बोलतं करणं तुझं काम. नाहीतर ज्यांच्या विहिरी काठाला, तेच बोलतात.

कामाला माथ्यावर हात घाल: उताराला आडवे समतल चर, ताली (शेताचे मातीचे बांध), मग खाली ओढ्यावर लहान बांध. हे काम नजरेत भरत नाही, त्याने मतं मिळत नाहीत, हे मला कळतं. तरी तेच कर.

आणि वापराचं आत्ताच ठरवून घ्या. नगरकडच्या हिवरे बाजार गावाने पाणी अडवलं, शिवाय शेतीसाठी बोअर बंद केले, उसाला नाही म्हटलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. आपल्याकडे बांध झाला की वरच्या शेतांत ऊस लागतो आणि खालच्या वस्तीवर टँकर येतो.

दर पंधरवड्याला काही विहिरींची पाणीपातळी वहीत टिपायला शाळेतल्या पोरांना लाव. दिवाळीनंतर वही घेऊन ये, बांधाच्या जागा नकाशावर बसून ठरवू.

तुझा,
काका