तुमचे प्रश्न : कॅलेंडरच्या खिळ्यावरचा बॅज

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची आहे. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात सीएसएसडीत, म्हणजे सामान निर्जंतुक करायच्या विभागात काम करते. वाफेचं ऑटोक्लेव्ह आणि एथिलीन ऑक्साइड गॅसचं ईटीओ, दोन्ही मशीन माझ्याकडेच. नळ्या, कॅथेटर, दुर्बिणीचं सामान ईटीओला टाकते. संध्याकाळी लोड लावायचा आणि सकाळी एअरेशन (गरम हवेने गॅस काढून टाकणं) संपलं की काढायचा, असं ठरलेलं आहे. पण सर्जननी साडेआठची केस घेतली की एअरेशन अर्धवट थांबवून दार उघडायला लावतात. त्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, जेवण नको वाटतं. कधी तरी गोडसर वास येतो, बहुतेक वेळा काहीच येत नाही. मार्चमध्ये एका एजन्सीचा माणूस बॅज लावून गेला. खोलीत कॅलेंडर आहे, त्याच खिळ्याला अडकवला होता. रिपोर्ट आला ०.४ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे इतके भाग), ‘मर्यादेत’. मॅट्रन म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत. आई घरी विड्या वळते. ती म्हणते, माझं आयुष्य तंबाखूत गेलं, मला काय झालं? लग्नाला आठ महिने झालेत, आता मूल हवंय. काम सोडू का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : काम सोडायचं का ते नंतर बघू. आधी तो खिळा.

बॅज म्हणजे आसपासची हवा आत घेणारी चपटी डबी. जिथे टांगाल तिथला गॅस ती साठवते. खिळ्याला टांगली तर खिळ्याच्या वाट्याचा. तू दार उघडून आत वाकतेस, बास्केट छातीशी धरून ओटीपर्यंत नेतेस, तेव्हा तुझ्या नाकासमोर काय असतं ते भिंतीला कसं कळणार? बॅज कॉलरला लावायचा, नाकापासून वीतभर अंतरावर, आणि तुझ्याबरोबर फिरवायचा.

हे मी तोऱ्यात सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पुण्याकडच्या एका कारखान्यात मी एका कामगाराच्या कोटाला बॅज लावला. दार उघडायच्या वेळेला उकडतं म्हणून तो कोट काढून खुंटीला टांगायचा आणि बनियनवर आत जायचा. हे मला तीन आठवड्यांनी चहा पिताना कळलं. तोवर ‘मर्यादेत’ म्हणून माझी सही झालेली होती.

आता आकडा. समज, दार उघडल्यापासून पंधरा मिनिटं तुझ्यासमोर १२ पीपीएम गॅस होता आणि उरलेल्या दिवसात शून्य. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. बारा गुणिले पंधरा, भागिले ४८०. उत्तर ०.३७५. जवळपास तुझ्या रिपोर्टचाच आकडा. सरासरी असंच करते, पंधरा मिनिटांचा दणका दिवसभरावर पातळ पसरून टाकते. म्हणून मर्यादा दोन असतात. अमेरिकेच्या ‘ओशा’ने, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने, १९८४ साली आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएमवरून थेट १ वर आणली, आणि १९८८ साली पंधरा मिनिटांसाठी ५ पीपीएमची वेगळी मर्यादा घातली. वरच्या हिशेबातली पोरगी पहिल्या मर्यादेत छान बसते आणि दुसरी दुपटीहून जास्त ओलांडते. तिथलीच ‘नायोश’ ही संशोधन संस्था तर सरासरी ०.१ च्या आत ठेवा म्हणते. तिच्या हिशेबाने तुझा ०.४ सुद्धा चौपट झाला.

तेव्हा मॅट्रनना एवढंच विचार : पंधरा मिनिटांचा बॅज लावला होता का? आणि लोडचं रजिस्टर काढून बघ, एजन्सीचा माणूस आला त्या दिवशी ईटीओ लावलेलं तरी होतं का. हसू नकोस, हे मी पाहिलेलं आहे. पुढच्या वेळी दोन बॅज माग, एक पूर्ण शिफ्टचा आणि एक दार उघडण्यापासून पंधरा मिनिटांचा. लावल्याची आणि काढल्याची वेळ तुझ्या हाताने लिही. बॅजऐवजी पंप लावून कोळशाच्या नळीतून हवा ओढली तरी चालेल. त्या कोळशाला हायड्रोब्रोमिक ॲसिड लावलेलं असतं, त्यामुळे गॅसचं रूप बदलून तो तिथेच अडकून राहतो आणि प्रयोगशाळेत मोजता येतो. मोजणी केसच्या घाईच्या दिवशी व्हायला हवी. निवांत दिवशी मोजून काय करायचंय?

वासाचं. हा गॅस नाकाला कळतो तो काहीशे पीपीएमला. वास येत नाही याचा अर्थ काहीच नाही. आणि तो गोडसर वास खरंच याच गॅसचा असेल, तर त्या वेळी तू मर्यादेच्या शेकडो पट हवेत उभी होतीस. पुन्हा आला तर बास्केट आहे तिथे ठेव आणि बाहेर पड. केस थांबली तर थांबली. ओटीतला मास्क काय किंवा एन-९५ काय, ते कण अडवतात, गॅस नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यातूनही तो आरपार जातो.

जेवण नको वाटणं, डोकं जड, डोळे चुरचुरणं ही या गॅसची ठरलेली लक्षणं आहेत. मनाचे खेळ असते तर केसच्या दिवसांचं वेळापत्रक मनाने पाळलं नसतं. तारीख आणि लोड नंबर टाकून वहीत लिहीत जा. हॉस्पिटल सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करून ‘सगळं नॉर्मल’ म्हणेल. करून घे, पण सीबीसी नॉर्मल आली म्हणून हवा नॉर्मल ठरत नाही.

आईला माझा नमस्कार सांग. माझे वडील इथल्या गिरणीत कार्डिंग खात्यात होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस. रविवारची सुट्टी संपून सोमवारी कामावर गेले की छाती भरून यायची. तेही म्हणायचे, मला काय झालंय? पण तो कापूस निदान दिसत तरी होता, आई तो फडक्याने झटकायची.

एअरेशन ही मशीनवाल्याने सांगितलेली औपचारिकता नाही. प्लास्टिक आणि रबर गॅस पिऊन बसतात. पीव्हीसीच्या नळ्या सगळ्यात हट्टी. साधारण ५० अंशांवर बारा तास गरम हवा फिरवावी लागते, ६० ला आठ. ते मधेच तोडलं की नळ्या तुझ्या हातात, कपाटात आणि पुढे पेशंटच्या अंगातही गॅस सोडत राहतात. पेशंटचं नाव घेतलंस की सर्जन ऐकतील, अनुभवाने सांगते. त्यांना नळ्यांचा एक जादा सेट घ्यायला लाव. स्टीलची हत्यारं आणि कापड कुणी ईटीओला टाकत असेल तर बंद कर, त्यांना ऑटोक्लेव्ह आहे.

आणि कूलर. तू लिहिलं नाहीस, पण सोलापूर आहे, मार्च आहे, म्हणजे खिडकीत कूलर असणार. तो बाहेरची हवा खोलीत ढकलतो, आणि खोलीतली हवा दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये जाते, गॅससकट. ईटीओच्या खोलीत उलटं हवं : हवा बाहेरून आत आणि तिथून एक्झॉस्टने गच्चीवर. तपासायचं सोपं आहे. टॉवेलचा एक सुटलेला दोरा घे, आपल्या गावात तोटा नाही, आणि दाराच्या फटीत धर. दोरा खोलीकडे झुकला तर ठीक. तुझ्याकडे, म्हणजे पॅसेजकडे उडाला तर कूलर बंद आणि मेंटेनन्सला बोलाव. उदबत्तीने बघू नकोस. हवेत ३ टक्के झाला की हा गॅस पेट घेतो. लाईट गेल्यावर एक्झॉस्ट जनरेटरवर चालतो की फक्त ओटीचे दिवे, तेही विचारून ठेव.

आता मूल. फिनलंडच्या हॉस्पिटलांतल्या स्टरलायझेशन कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात या गॅसशी संबंध आलेल्यांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. कॅन्सरचं म्हणशील तर १९९४ पासून हा गॅस माणसात कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहे. तो धोका वर्षांबरोबर आणि मात्रेबरोबर वाढत जातो, दोन वर्षांच्या नोकरीने झोप उडवून घेऊ नकोस. पण मुलाच्या बाबतीत मी वाट बघणार नाही. दिवस राहायच्या आधीच अर्ज दे : ईटीओ सोडून पॅकिंग आणि ऑटोक्लेव्ह द्या, कारण हे. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना गॅसचं पूर्ण नाव सांग, एथिलीन ऑक्साइड. नुसतं ‘सीएसएसडी’ सांगितलंस तर त्यांच्या डोळ्यांसमोर ऑटोक्लेव्हच येईल. ड्युटी बदलून दिली तर नोकरी सोडायचं कारण मला दिसत नाही. नाही दिली तर मूल होईपर्यंत तरी त्या मशीनपुढे उभी राहू नकोस, मग त्यासाठी दुसरं हॉस्पिटल बघावं लागलं तरी.

प्रश्न : मॅडम, आमचं ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. ईटीओच्या खोलीत गॅसचा अलार्म बसवला आहे. तो रोज सकाळी वाजतो. मशीनवाल्याने तपासलं, गळती नाही म्हणाला. स्टाफने आता आवाजच बंद केलाय. अलार्म बदलू का?
— एक डॉक्टर, होटगी रोड

उत्तर : डॉक्टरसाहेब, आधी डबीवर काय लिहिलंय ते वाचा. पीपीएम की एलईएल? एलईएल म्हणजे ज्या किमान प्रमाणाला गॅस पेट घेतो ते, इथे हवेत ३ टक्के. एलईएलचा असेल तर अलार्म आगीसाठीचा आहे. त्याच्या १० टक्क्यांना वाजला म्हणजे हवेत ३,००० पीपीएम. जिवाला तत्काळ धोका धरतात तो आकडा ८०० आहे. तसला असेल तर आजच बदला.

पीपीएमचा असेल तर बहुधा आतला सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल असणार, आणि त्याला स्पिरिट व हँडरबही गॅससारखेच वाटतात. सकाळी मावशी स्पिरिटने ट्रॉली पुसत असतील, दारापाशी सॅनिटायझरची बाटली असेल. बाटली हलवा. सेन्सर किती जुना तेही बघा, दोन-तीन वर्षांत ते थकतात.

पण लोडही सकाळीच निघतो ना? मग वाजतं ते नेमकं कशाला, हे तुम्हाला किंवा मशीनवाल्याला कसं कळलं? आठवडाभर दोन्ही वेळा तोडा. पुसणं साडेसहाला, दार आठला, आवाज चालू, आणि वाजल्याची वेळ रजिस्टरला. साडेसहाला वाजला तर स्पिरिट बदला. आठला वाजला तर मला परत पत्र लिहू नका, मशीन बंद करा आणि त्या मशीनवाल्याला पुन्हा बोलवा. या वेळी तो दार उघडताना समोर हजर पाहिजे.