दीड हजारांचं चलान आणि अजून तुमच्याच नावावर असलेली गाडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१, नाशिकमध्ये खासगी नोकरी, हातात येणारा पगार ७२,०००. बँकेत ६ लाखांची एफडी, फ्लॅटवर कर्ज चालू. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका चौकात ‘नो यू टर्न’ असताना गाडी वळवल्याबद्दल १,५०० रुपयांचं ई-चलान मोबाइलवर आलं. गाडी २०२२ मध्येच एका दलालामार्फत १ लाख ९० हजारांना विकलेली. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा आहे, खरेदीदाराच्या आधारची झेरॉक्स आहे, आरटीओच्या फॉर्मवर सह्याही करून दिल्या होत्या. ‘गाडीच माझी नाही’ म्हणून विमा पुढे भरला नाही. प्रश्न असा: न केलेल्या चुकीचा दंड का भरू? कोर्टात जाऊ, की लोकअदालतीत अर्ध्यावर मिटेल म्हणून थांबू? चलानं मिटवून देणाऱ्या एका ॲपची २,९९९ रुपयांची वार्षिक योजना आहे, ती घेऊ का? ‘काही मोठं झालंच तर अपघात संरक्षण असलेली मनी बॅक (ठरावीक वर्षांनी काही पैसे परत देणारी आयुर्विमा पॉलिसी) आहे, वर्षाला ४८,००० हप्ता भरतो.’

उत्तर

चलान भरून टाका. योजना घेऊ नका. लोकअदालतीची वाट पाहू नका. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एवढीच. खरी काळजी आहे ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची: विमा पुढे भरला नाही.

आधी त्या १,५०० च्या आकड्याकडे नीट बघा. रस्त्यावरची वाहतूक चिन्हं न पाळणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ खाली येतं आणि त्याचा दंड कलम १७७ नुसार लागतो. पहिल्या वेळी ५००, पुन्हा केलं तर १,५००. तुम्हाला थेट १,५०० चं आलं आहे, म्हणजे बहुतेक त्याच गाडीवर आधीचं एखादं चलान असणार. मेसेज तुम्ही पाहिला नसेल किंवा सोडून दिला असेल. वाहतूक पोलिसांच्या महाराष्ट्र ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून थकलेली सगळी चलानं बघा. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) मात्र उघडू नका. त्यातून खाती रिकामी होतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणता गाडी विकली. कायदा म्हणतो, गाडी तुमची. कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेलेली आणि कागदावर मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिलेली एक गाडी अपघातात सापडली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच. जखमी माणसाने किंवा मृताच्या घरच्यांनी गाडी कोणाकोणाकडून फिरली हे शोधत बसायचं नाही. तुमचा स्टॅम्पपेपर तुम्ही आणि खरेदीदार यांच्यातला कागद आहे. त्याच्या जोरावर नंतर खरेदीदाराकडून पैसे वसूल करायला तुम्ही दावा लावू शकाल, पण अपघातग्रस्ताला तुम्ही तो पुढे करू शकत नाही.

आकडे गोल धरून मांडतो. समजा, उद्या ही गाडी ३२ वर्षांच्या एका माणसाला धडकली आणि तो गेला. स्वतःचा छोटा व्यवसाय, महिन्याला २५,००० कमाई, मागे बायको, दोन मुलं, आई. मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण हिशोब असा करतं: वर्षाची कमाई ३ लाख. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के अधिक, झाले ४ लाख २० हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले ३ लाख १५ हजार. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची रक्कम कितीपट धरायची तो आकडा, १६. म्हणजे ५० लाख. अंत्यसंस्कार वगैरेंची किरकोळ रक्कम वेगळी. वर अर्ज केल्यापासूनचं व्याज: ७ टक्के आणि चार वर्षं धरली तर आणखी १४ लाख. तुमची एफडी ६ लाखांची आहे.

गाडीचा विमा चालू असता तर हे पैसे विमा कंपनीने दिले असते. तिसऱ्या व्यक्तीच्या मृत्यू किंवा दुखापतीसाठी थर्ड पार्टी विम्यात रकमेची मर्यादाच नसते. विमा नसेल तर निवाडा चालक आणि मालक या दोघांवर होतो, आणि चालकाकडे काही नसेल तर सगळे मालकाकडे वळतात. कलम १७४ खाली ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. फ्लॅट, एफडी सगळं त्यात आलं.

‘मनी बॅक आहे’ हे तुमचं उत्तर वाचून एजंटाने काय सांगितलं असेल ते दिसलं. ‘अपघात संरक्षण’ म्हणजे अपघातात *तुम्ही* गेलात किंवा अपंग झालात तर तुमच्या घरच्यांना किंवा तुम्हाला मिळणारे पैसे. तुमच्या नावावरच्या गाडीने दुसऱ्याला उडवलं तर त्यातून एक रुपयाही निघत नाही. ही चूक तुमची कमी आणि ‘सगळं कव्हर’ म्हणून विकणाऱ्याची जास्त. ४८,००० च्या हप्त्यात विमा रक्कम फार तर आठ-दहा लाखांची असेल आणि परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. १ कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा) तुमच्या वयाला वीस-पंचवीस हजारांत मिळावा. पण हे नंतर. तेव्हाही आधी टर्म घ्या, तो हातात आल्याशिवाय मनी बॅक बंद करू नका.

आज करायचं काम एकच. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि तीन गोष्टी बघा: मालकाचं नाव, विम्याची मुदत, बँकेचा बोजा म्हणजे कर्जाची नोंद. मालक म्हणून तुमचं नाव दिसणारच, नाहीतर चलान तुमच्या मोबाइलवर आलं नसतं. विम्याची तारीख उलटून गेलेली असेल तर खरेदीदाराला फोन करा आणि त्याला थर्ड पार्टी विमा आजच काढायला लावा. तो ‘पगार झाला की करतो’ म्हणाला तर तुम्हीच काढा. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला साडेतीन हजारांच्या आसपास, कर धरून चार हजार. नोंदणी तुमच्या नावावर असल्यामुळे पॉलिसी तुमच्या नावाने निघते, आणि फक्त थर्ड पार्टी घेताना सहसा गाडीची तपासणी लागत नाही. दुसऱ्याच्या गाडीसाठी चार हजार का घालू, असं वाटेल. पन्नास लाखांचं ओझं चार हजारांत उतरत असेल तर ते उतरवायचं आणि नंतर खरेदीदाराशी भांडायचं. पॉलिसी मागच्या तारखेपासून लागू होत नाही, म्हणून ‘पुढच्या सोमवारी’ नको. शिवाय विनाविमा गाडी पकडली गेली तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा ४,००० दंड आहे. तेही मेसेज तुम्हालाच येतील.

मग नाव बदलणं. इथेच चलान भरण्याचं कारण आहे. गाडीवर चलानं थकलेली असली की ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर हस्तांतरणाचा अर्ज पुढे सरकत नाही. तुम्ही १,५०० साठी वर्षभर भांडलात तर वर्षभर गाडी तुमच्याच नावावर राहील. जिंकलात तरी तोट्यात. म्हणून आधीचं ५०० चं असेल तर तेही धरून सगळी चलानं मोकळी करा, पावत्या पीडीएफमध्ये ठेवा आणि पैसे खरेदीदाराकडून मागून घ्या.

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ म्हणजे विकल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. फॉर्म २९ द्यायचं काम विकणाऱ्याचं, विकल्यापासून १४ दिवसांत. तुम्ही सह्या केल्या, पण ते कोरे फॉर्म दलालाच्या ड्रॉवरमध्ये गेले आणि बहुतेक तिथेच आहेत. दलाल मुद्दाम नाव बदलत नाही, कारण मधे स्वतःचं नाव न लावता तीच गाडी पुढे विकायला सोपी पडते. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरने गाडी ताब्यात घेतल्याचं आरटीओला कळवलं की तोच मालक धरला जातो, असा नियम आला. तुमचा व्यवहार त्याआधीचा आहे, आणि दलाल नोंदणीकृत नसेल तर या नियमाचा उपयोगही नाही.

दुसरी अडचण बोज्याची. गाडी कर्जावर घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कर्ज फिटलं तरी आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) बँकेचं नाव आपोआप जात नाही. फॉर्म ३५ (कर्ज संपल्याची सूचना) आणि बँकेची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र लागतं. एनओसीवर सहसा तीन महिन्यांचीच मुदत असते, म्हणून कपाटातली जुनी चालणार नाही. बँकेत अर्ज देऊन नवी घ्या. हे राहिलं की सगळं तयार असूनही अर्ज परत येतो आणि दलाल ‘साहेब सुट्टीवर आहेत’ सांगत राहतो. गाडी राज्याबाहेर गेली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी वेगळी. ऑनलाइन अर्जात ओटीपी लागतात, तेव्हा खरेदीदाराला सोबत घेऊन बसा. काम दलालावर सोडू नका. आणि त्या गाडीचा फास्टॅग अजून तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर तो बंद करा.

खरेदीदार फोनच उचलत नसेल तर? त्याच्या आधारवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा. फॉर्म २९, करारनाम्याची प्रत आणि एका पानाचा अर्ज नाशिक आरटीओत द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्जात गाडीचा नंबर, विक्रीची तारीख, खरेदीदाराचं नाव-पत्ता, दलालाचं नाव आणि ‘विमा संपलेला आहे, वाहन माझ्या ताब्यात नाही’ हे वाक्य असू द्या. तीच प्रत पोलीस ठाण्यात. एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही, ती नाव बदलल्यावरच संपते. पण हा कागद पुढे खरेदीदारावर दावा करताना उपयोगी पडतो. तोवर थर्ड पार्टी विमा तुम्हीच चालू ठेवायचा, दरवर्षी.

आता चलान लढवण्याबद्दल. कारण एका परिस्थितीत ते लढवलंच पाहिजे. चलानातला फोटो मोठा करून बघा. गाडीचं मॉडेल किंवा रंग तुमच्या गाडीशी जुळत नसेल तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतो आहे. मग एक रुपया भरू नका. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर ‘तक्रार’ नोंदवा, आरसी आणि गाडीचे फोटो जोडा, पोलिसांतही लेखी द्या.

गाडी तीच असेल तर वळणाच्या चलानात बघण्यासारखं एवढंच: फोटोत वळण दिसतं का? चौकात उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या बाजूचा एकच फोटो यू टर्न सिद्ध करत नाही. लाल कडेचा गोल फलक तिथे होता का, की झाडाच्या फांदीआड गेला होता? कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना नियम १६७-अ प्रमाणे १५ दिवसांत पाठवायची असते. गुन्ह्याची आणि मेसेजची तारीख ताडून पाहा. ‘मी चालवत नव्हतो’ हा मुद्दा मांडायचा तर चालक कोण हे कलम १३३ खाली सांगावं लागतं, म्हणजे पुन्हा खरेदीदाराचं नाव-पत्ता.

तक्रार ई-चलान साइटवरून फुकट करता येते. कोर्टाचा हिशोब मात्र वेगळा. वकील कमीत कमी ३,०००, पुण्याच्या दोन फेऱ्या ३,०००, दोन दिवसांची रजा ५,०००. दीड हजार वाचवायला अकरा हजार. लोकअदालतीत काही वेळा रक्कम कमी होते, पण तो हक्क नाही, आणि पुढची तारीख काही महिन्यांवर असू शकते. तेवढे महिने विनाविमा गाडी तुमच्या नावावर रस्त्यावर असेल.

राहिली ती २,९९९ ची योजना. १,५०० चे निम्मे म्हणजे ७५०. ७५० वाचवायला तीन हजार भरायचे, तेही दुसऱ्याने चालवलेल्या गाडीच्या चलानांसाठी. ही मंडळी करतात ते काम म्हणजे त्याच सरकारी साइटवर तक्रार टाकणं आणि त्याच लोकअदालतीची वाट पाहणं. त्या पैशांत थर्ड पार्टी विम्याचा तीन चतुर्थांश हप्ता निघतो.

नाव बदललं की एम-परिवहनवर पुन्हा बघा. नव्या मालकाचं नाव तिथे दिसल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तुम्ही काढलेल्या पॉलिसीचं काय करायचं ते त्यानंतर विमा कंपनीला लेखी विचारा, आधी नाही.