बीफ खिम्याचे गरम सँडविच: पाव भिजू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: रात्रीच्या जेवणाला घरातल्या पाच जणांसाठी बीफ खिम्याचे गरम, पोटभरीचे सँडविच करायचेत, पण दर वेळी खिमा पाणचट होतो आणि दोन घासांत पावाचा लगदा होतो. माझ्याकडूनही कित्येक वर्षं हेच व्हायचं. मसाले बदलून पाहिले, काही फरक पडला नाही. चूक पहिल्या दहा मिनिटांत होत होती.

खिमा तापल्यावर त्यातून बरंच पाणी सुटतं. लहान पातेल्यात एकदम सगळा टाकला की तो त्याच पाण्यात शिजतो, करडा पडतो आणि चवीला उकडल्यासारखा लागतो. म्हणून घरातला सगळ्यांत रुंद, जाड बुडाचा तवा किंवा कढई घ्या आणि चांगली तापू द्या. खिमा दोन वेळा मिळून अर्धा अर्धा टाका, पसरा, आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. हात शिवशिवतो, पण थांबा. आवाजाकडे लक्ष द्या. रटरट ऐकू येतेय तोवर पाणी आहे. ते आटलं की चरचर सुरू होते आणि खालची बाजू खरपूस तपकिरी होते. सँडविचची निम्मी चव इथेच तयार होते. मग उलथण्याने मोडून परता आणि काढून ठेवा.

पाच जणांना ६०० ग्रॅम खिमा पुरतो. साधारण १५ ते २० टक्के चरबीचा घ्या. अगदी बिनचरबीचा कोरडा आणि भुसभुशीत लागतो. जास्तीची चरबी सुटली तर चमचाभर ठेवून बाकीची वाटीत काढा.

त्याच तव्यात एक मोठा कांदा, अर्धी ढोबळी मिरची आणि चार लसूण पाकळ्या बारीक चिरून मऊ करा. कांदा खिम्याबरोबर टाकू नका, त्याचंही पाणी सुटतं. मग दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून ती गडद होईपर्यंत परता, म्हणजे कच्चट वास जातो. खिमा परत घाला, वर एक वाटी टोमॅटो प्युरी, एक मोठा चमचा वूस्टर सॉस (बाटलीत मिळणारा आंबट-खारट, काळपट पातळ सॉस), एक छोटा चमचा मोहरीची पेस्ट, थोडी साखर, मीठ, मिरपूड. तव्याच्या बुडाला चिकटलेला तपकिरी थर खरवडून त्यात मिसळा, तो वाया घालवू नका. मंद आचेवर १५ मिनिटं, झाकण न ठेवता. तव्याच्या बुडावरून चमचा ओढला की रेघ क्षणभर तशीच राहिली पाहिजे. लगेच बुजली तर अजून आटवा. दाट करायला मैदा किंवा कॉर्नफ्लॉर मी घालत नाही, चव बोथट होते. शेवटी चमचाभर व्हिनेगर मात्र घालाच, त्याने जडपणा कमी होतो.

आता पाव. ताजा लुसलुशीत पाव इथे टिकत नाही. जरा जाड, घट्ट बन घ्या, आतल्या बाजूंना लोणी लावून तव्यावर कडक भाजा. खालच्या अर्ध्यावर आधी चीजचा काप, मगच खिमा. चीज वितळून रसाला पावापर्यंत जाण्यापासून अडवतं. सगळ्यांना एकदम गरम द्यायचे असतील तर भरलेले सँडविच फॉइलमध्ये गुंडाळून १८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. उशिरा येणाऱ्यासाठी मात्र खिमा आणि पाव वेगळेच ठेवा.

लहान मुलं जेवणार असतील तर हे नक्की पाळा: खिमा आतून कच्चा राहता कामा नये. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, पण दळताना ते सगळीकडे मिसळतात. थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस गाठा. या पद्धतीत ते सहज होतं. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरलेलं लागतं, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच खिमा करून ठेवते आणि जेवायच्या वेळी फक्त तो गरम करते आणि पाव भाजते.