पहिला रेझ्युमे: एक पान पुरे

फ्रेशर आहेस ना, मग एका पानाच्या पुढे जाऊ नकोस. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि शेवटचं ते 'वरील माहिती खरी आहे' काढून टाक. लग्नाचा बायोडेटा नव्हे हा!

जास्तीत जास्त वेळ रेझ्युमेतल्या प्रोजेक्टच्या भागावर घाल. 'टीममध्ये काम केलं' यातून काहीच कळत नाही. तू स्वतः काय केलंस, काय वापरून केलंस, काय फरक पडला, ते दोन ओळींत लिही. मुलाखतीत प्रश्न बहुधा तिथूनच निघतात. म्हणूनच, समजावून सांगता येणार नाही ते कौशल्य लिहूच नकोस.

- दोन रकाने, तक्ते टाळ. कंपन्या रेझ्युमे वाचायला वापरतात त्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर उलटसुलट होऊ शकतो.
- नोकरीच्या जाहिरातीतले कौशल्यांचे शब्द, ते खरंच येत असेल तरच, जसेच्या तसे वापर.
- पीडीएफला स्वतःचं नाव दे, 'फायनल २' नको.