बेरजेत ‘ऑब्जेक्ट’ कुठून आलं?

प्रश्न : माझ्या अ‍ॅरेत (यादीत) तीन नोंदी आहेत. प्रत्येकीत ‘तपशील’ हे ऑब्जेक्ट (नावं दिलेल्या व्हॅल्यूंचा गठ्ठा) आणि त्याच्या पोटात ‘रक्कम’ : २००, ७५, ३०. जावास्क्रिप्टच्या ‘रिड्यूस’ने (अख्ख्या अ‍ॅरेचं एकच उत्तर काढणाऱ्या फंक्शनने) बेरीज केली, तर ३०५ ऐवजी ‘[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]७५३०’ येतं. असं का?

उत्तर : ‘रिड्यूस’ला सुरुवातीची व्हॅल्यू दिलेली नाही. ती नसली की पहिली नोंद, म्हणजे आख्खं ऑब्जेक्टच, बेरजेच्या जागी जाऊन बसतं आणि फेरी दुसऱ्या नोंदीपासून सुरू होते. ऑब्जेक्टमध्ये आकडा मिळवायला गेलात की दोघांची स्ट्रिंग (मजकूर) होऊन ते एकमेकांना चिकटतात. तुमचे २०० गायब झाले ते त्यामुळेच. फंक्शन संपल्यावर स्वल्पविराम देऊन ० लिहा. अ‍ॅरे रिकामा निघाला तरी मग उत्तर ० येईल. एरवी टाइपएरर येतो.

शून्य दिल्यावरही ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) किंवा ‘अनडिफाइन्ड’ (म्हणजे व्हॅल्यूच नाही) आलं, तर दोन गोष्टी बघा. अ‍ॅरो फंक्शनला (=> चिन्हाने लिहिलेल्या फंक्शनला) महिरपी कंस घातले असतील तर ‘रिटर्न’ लिहावंच लागतं. ते राहिलं की पुढच्या फेरीत बेरजेच्या जागी ‘अनडिफाइन्ड’ येतं आणि शेवटचं उत्तरही तेच. किंवा एखाद्या नोंदीत ‘रक्कम’च नसेल, मग ‘नॅन’ येतं. ‘तपशील’च नसेल, तर प्रोग्राम तिथेच एरर देऊन थांबतो. त्यासाठी ‘तपशील’नंतर प्रश्नचिन्ह-टिंब (?.) आणि शेवटी दोन प्रश्नचिन्हं व शून्य (?? ०) लिहा. ही दोन्ही चिन्हं २०२० च्या आवृत्तीपासून भाषेत आहेत.

इथे हमखास फसायला होतं : अधिकचं चिन्ह दोन प्रश्नचिन्हांच्या आधी सोडवलं जातं. रक्कम आणि तिचं पर्यायी शून्य वेगळ्या कंसात घातलं नाही, तर आधी बेरीज होते, ‘नॅन’ तयार होतं, आणि ‘नॅन’ला ?? हात लावत नाही. ते फक्त ‘नल’ आणि ‘अनडिफाइन्ड’ ओळखतं.

प्रश्न : फॉर्ममधून आलेल्या रकमांची बेरीज ‘२००७५३०’ होते.

उत्तर : पहिला २०० आकडा असावा आणि ७५ स्ट्रिंग. एकदा स्ट्रिंग आली की पुढचं सगळं चिकटत जातं. मिळवण्याआधी प्रत्येक रक्कम ‘नंबर’ फंक्शनमधून काढा. मात्र ‘१,२००’ असा स्वल्पविराम असेल तर तो आधी काढून टाका. ‘नंबर’ निदान ‘नॅन’ देऊन ओरडतं. आकडा वाचणारं दुसरं फंक्शन ‘पार्सफ्लोट’ मात्र स्वल्पविरामाशी थांबून गुपचूप १ देतं, आणि ती चूक शोधणं जास्त जिकिरीचं.