प्रश्न तुमचे, उत्तर स्टुटगार्टहून

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. तीन जर्मनीतून आली आहेत, एक साताऱ्याहून, पण विषय जर्मनीच. पत्रं लांबलचक होती, ती कापून गाभा ठेवला आहे. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांचा, मूळचा सांगलीचा. आठ महिन्यांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामावर आलो. इथली माणसं फार कोरडी आहेत. बारा वाजले की सगळे जेवायला जातात, मला कोणी हाक मारत नाही. मागच्या आठवड्यात मॅनेजरने दहा जणांसमोर सांगितलं की माझ्या प्रेझेंटेशनमधले आकडे चुकले आहेत. एक काम शुक्रवारी देतो म्हणालो होतो, ते सोमवारी दिलं, तर त्यावरूनही ऐकून घ्यावं लागलं. घरी आलो तर शेजारच्या आजींनी माझ्या दाराला पाटी अडकवलेली, की या आठवड्यात जिना मी झाडायचा. मी इथे इंजिनिअर म्हणून आलोय! बायको अजून सांगलीला आहे. तिला बोलावून घेऊ, की मीच परत येऊ?

उत्तर : तू लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करते.

आधी त्या आठ महिन्यांबद्दल. इथे नोकरीचे पहिले सहा महिने सहसा परीक्षेचे असतात, प्रोबेत्साइट म्हणतात ते. त्या काळात कंपनीला दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणूस काढता येतो आणि फारसं कारणही द्यावं लागत नाही. ते संपले की काढणं बरंच अवघड होतं. मी इथल्या एका कारखान्याच्या कार्मिक विभागात नोकरी केली. सहावा महिना जवळ आला की साहेब लोक काय हिशेब करतात ते टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे. तुझा आठवा महिना चालू आहे. म्हणजे तुझ्याबद्दलचा निर्णय होऊन गेला आणि तो तुझ्या बाजूने झाला. फक्त कोणी येऊन पाठ थोपटली नाही. स्वाबियन, म्हणजे या स्टुटगार्टकडच्या, माणसाकडून त्याची वाटही पाहू नकोस. ‘तक्रार करण्यासारखं काही नाही’ हे या भागातलं भरघोस कौतुक आहे.

आता त्या दहा जणांसमोरच्या प्रसंगाकडे ये. आकडे चुकले होते की नव्हते? पत्रात तू ते लिहिलंच नाहीस. मॅनेजर आकड्यांबद्दल बोलला, तुझ्याबद्दल नाही, आणि बैठक संपल्यावर बहुधा विसरूनही गेला. आपल्याकडे साहेब चूक बाजूला घेऊन, गोड बोलून सांगतो. मग तीच चूक तीन वर्षं लक्षात ठेवतो आणि पगारवाढीच्या वेळी बाहेर काढतो. मला विचारशील तर मी इकडचीच पद्धत घेईन. पुढच्या बैठकीत दुरुस्त केलेले आकडे पहिल्याच स्लाइडवर दाखव. ‘मागच्या वेळी हे चुकले होते, आता असे आहेत.’ बस. खुलासा नको, माफी नको.

मला खरी काळजी वाटली ती शुक्रवारच्या वाक्याची. ते तू जाता जाता लिहिलं आहेस, पण दुखणं तिथेच आहे. काम शुक्रवारी होणार नाही हे तुला कधी कळलं? बुधवारी कळलं असणार. मग बुधवारी का नाही सांगितलंस? कारण नाही म्हणायला आपली जीभ वळत नाही. साहेबांना नाराज कशाला करायचं, रात्री बसून करून टाकू, बघू होईल. इथे ‘हो’ म्हटलं की समोरचा ती तारीख वहीत लिहितो आणि त्यावर पुढच्या चार जणांचं काम आखतो. सोमवारी आलेल्या कामाने त्या चौघांचा शुक्रवार फुकट गेला. बुधवारी ‘शुक्रवारी जमणार नाही, सोमवारी सकाळी देतो’ असं सांगितलं असतंस तर कोणी ब्रही काढला नसता. उशीर माफ होतो, न सांगितलेला उशीर होत नाही. आणि रात्रभर बसण्याचा उपायही फार चालत नाही. दिवसाचे तास कायद्याने बांधलेले आहेत, संध्याकाळी काम संपवल्यापासून सकाळी सुरू करेपर्यंत मध्ये अकरा तासांची विश्रांती असावी असा नियम आहे. रात्री दोनला पाठवलेल्या ईमेलमुळे इथे कोणी भारावत नाही, उलट या माणसाला काम आटोपता येत नाही असा अर्थ काढतात.

जेवणाचं सोपं आहे. बारा वाजता तूच उठ आणि विचार, ‘मी येऊ का तुमच्याबरोबर?’ कोणी नाही म्हणणार नाही. आग्रह करणं म्हणजे दुसऱ्याच्या वेळात नाक खुपसणं असं त्यांना वाटतं, म्हणून ते विचारत नाहीत. वाढदिवसाचंही तसंच. केक आपणच न्यायचा, किचनमध्ये ठेवायचा आणि सगळ्यांना निरोप पाठवायचा. ज्याचा वाढदिवस त्यानेच खर्च करायचा, हे पचायला मला वेळ लागला होता, पण त्या दहा मिनिटांत जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या सहा महिन्यांच्या मीटिंगांत होत नाहीत. आदल्या दिवशी मात्र कोणाला शुभेच्छा देऊ नकोस. ते इथे अपशकुनी मानतात, चेहरे पडतात.

राहिल्या आजीबाई. त्या पाटीला केरवोखं म्हणतात आणि ती स्टुटगार्टची खास चीज आहे. आठवडा ज्याचा, जिना त्याचा. पाटी फिरत फिरत प्रत्येक दारावर येते, डॉक्टरच्या, न्यायाधीशाच्या, सगळ्यांच्या. शहराने आपल्या नियमांतून ती सक्ती 1988 मध्ये काढली, पण भाडेकरारात ती सर्रास असते. तुझ्या करारातही बघ, सही केली असशील. शनिवारी सकाळी, आजी खाली-वर करत असतील तेव्हा, आवाज होईल असा झाडू मार आणि ओल्या फडक्याने पायऱ्या पूस. झालं की पाटी पुढच्या दाराला अडकव. पुढे कधी तुझं पार्सल घ्यायचं असेल, किल्ली आत राहिली असेल, तर याच आजी उपयोगी पडतील.

आणि परत जाण्याचं. आज कुठला महिना चालू आहे ते बघ. डिसेंबरात इथे सकाळी आठपर्यंत उजाडत नाही आणि साडेचारला दिवे लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आयुष्याचे निर्णय घ्यायचे नाहीत, हे मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बायकोलाही जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये आण. तुझ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा परवाना, असेल तर तिला येण्याआधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही. तू मात्र भाषेचा क्लास आजच लाव. ब्लू कार्डवर 27 महिने काम केल्यावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि बी-1, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांतच. तोवर थांब. मग परत जावंसं वाटलं तर खुशाल जा.

प्रश्न : अंगात ताप असताना गोळी घेऊन ऑफिसला गेलो, महत्त्वाची डिलिव्हरी होती. टीम लीडने कौतुक करायचं सोडून सर्वांदेखत घरी पाठवलं. माझं काय चुकलं? – फ्रँकफुर्ट

उत्तर : खोकत होतात ना? मग बरोबर पाठवलं. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला लागतो (काही कंपन्या पहिल्या दिवसापासून मागतात, करार पाहा). सरकारी आरोग्य विमा असेल तर 2023 पासून तो कागद न्यावा लागत नाही, कंपनी तो विमा कंपनीकडून ऑनलाइन मागवून घेते. तुम्ही फक्त सकाळी काम सुरू व्हायच्या आत कळवायचं. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि दाखला दिलात, तर तेवढे सुट्टीचे दिवसही परत मिळतात. हे ऐकून आपल्याकडच्या एचआरला ताप येईल.

प्रश्न : ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाशिकला चार वर्षं काम केलं, पेशंट नाव घेऊन यायचे. लग्नानंतर नवऱ्याच्या ब्लू कार्डवर म्युनिकला आले. माझ्या परवान्यावर कामाची मुभा आहे असं लिहिलंय, पण कोणी घेत नाही. नवरा म्हणतो गोदामात पॅकिंगचं काम मिळतंय, ते घे, वेळ जाईल. सासूबाई फोनवर म्हणतात, रिकामी आहेसच तर आता मूल होऊ दे.

उत्तर : तू रिकामी नाहीस. हे आधी घरात स्पष्ट होऊ दे.

तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या परवानग्यांची गल्लत झाली आहे. पहिली देशात काम करण्याची, ती तुझ्याकडे आहे. दुसरी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करण्याची. हा पेशा इथे कायद्याने बांधलेला आहे आणि भारतातल्या पदवीला राज्याच्या कार्यालयाकडून मान्यता घ्यावी लागते. त्याला आनेरकेनुंग म्हणतात. पदवी, प्रत्येक विषयाचे तास दाखवणारी गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, या सगळ्याचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करून अर्ज करायचा. ते तुझा अभ्यासक्रम इथल्याशी ताडून पाहतात. काही कमी पडलं तर ते काय, हे लेखी कळवतात. मग ती तूट पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढायची. तुझी नाशिकची चार वर्षं इथे कामाला येतात, कारण अनुभवाने काही तूट भरून निघू शकते. म्हणून त्या दवाखान्याकडून साधं ‘काम केलं’ एवढं पत्र नको, कोणत्या प्रकारचे रुग्ण, कोणते उपचार, आठवड्याचे किती तास, हे सगळं लिहून घे. नाशिकला घरच्या कोणाला तरी पाठव, फोनवर होणारं काम नाही हे.

पेशंट कुठे दुखतंय हे जर्मनमध्येच सांगणार, म्हणून या कामाला साधारण बी-2 पातळीची भाषा मागतात. कुटुंबासाठी आलेल्या जोडीदाराला सरकारी मदतीच्या एकात्मता अभ्यासक्रमाचा हक्क असतो. त्यात भाषेचे 600 तास असतात आणि तो बी-1 पर्यंत नेतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात त्याचं पत्र माग. तू मागितल्याशिवाय ते कोणी तुझ्या हातात ठेवेलच असं नाही.

गोदामाचं काम वाईट नाही, पण क्लासची वेळ खाणार असेल तर नको. अर्धवेळ, संध्याकाळचं मिळालं तर घे, चार जर्मन शब्द कानावर पडतील. नवऱ्याला सांग, ‘वेळ जाईल’ हे कामाचं कारण होत नाही.

मुलाचं तुम्ही दोघं ठरवा, सासूबाई सातासमुद्रापार आहेत. मी फक्त एक आकडा देते. बाळंतपणानंतरचा पालक भत्ता आधीच्या कमाईवर ठरतो. कमाई नसलेल्या आईला महिना 300 युरो, कमावत्या आईला आधी हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 टक्के, कमाल 1,800 युरो. पाळणाघराचा हक्क बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतर मिळतो, पण म्युनिकमध्ये प्रत्यक्ष जागा मिळवणं ही वेगळी लढाई आहे.

प्रश्न : मुलगा-सून म्युनिकला असतात. आम्ही दोघं 1 मे ते 31 जुलै असे तीन महिने जाणार आहोत. तिथे कुकरच्या शिट्ट्यांवरूनही शेजारी भांडतात म्हणे, खरं का? काय न्यावं, काय नेऊ नये? आणि एक सांगावंसं वाटतं, मुलगा हल्ली फक्त रविवारी फोन करतो. – सातारा

उत्तर : वहिनी, तिकीट काढलं असेल तर आधी बदला. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक, व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, तीन महिने नव्हे. मेचे 31, जूनचे 30, जुलैचे 31 मिळून 92 होतात. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. दोन दिवस जास्त झाले तर विमानतळावर अडवतील आणि पुढचा व्हिसा अवघड होईल. 28 जुलैला निघा. प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. बीपी-शुगर असेल तर जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते मुलाकडून वाचून घ्या. गोळ्या सगळ्या मुक्कामाच्या न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, औषधाच्या मूळ नावासकट. आपले ब्रँड तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत.

कंदी पेढे नेऊ नका. मला माहीत आहे तुमची पिशवी आत्ताच डोळ्यांपुढे भरलेली आहे, पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूपही त्यातच आलं. आंबेही वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. मसाला, सुक्या चटण्या, पापड, कुरडया न्या.

कुकर दिवसा खुशाल लावा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी दिवसभर. ड्रिल मशीन, फर्निचर ओढणं, खिळे ठोकणं यांना त्या दिवशी पूर्ण फाटा. रविवारी दुकानंही बंद असतात, तेव्हा कोथिंबीर शनिवारीच आणून ठेवायला सांगा सुनेला. खरं तर तुम्हीच आणा. चालत जा, घरात बसून तीन महिने काढू नका.

फोनचं म्हणाल तर हिशेब करून बघा. तो कामावरून येऊन हातपाय धुतो तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. साताऱ्यात तेव्हा उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्याला वाटतं तुम्ही झोपलात. तुम्हाला वाटतं त्याने मुद्दाम केला नाही. तो जेवायला बाहेर पडतो ती बाराची वेळ तुमची दुपारची साडेतीन-साडेचार, चहाची. तेव्हा तुम्हीच लावा फोन. पाच मिनिटं बोला, नातवंडाचा विषय काढू नका.