आधी कागद, मग खोली, मग बोलणं

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात एकाच वाक्यात तीन गोष्टी आल्यात: लॅटिन मिस्सावाल्या कट्टर कॅथलिकांचा गट सोडायचाय, तुझा ओढा मुलांकडे आहे हे घरी सांगायचंय, आणि देवावर विश्वास आहे की नाही हेही ठरवून टाकायचंय. या तीन वेगवेगळ्या गाठी आहेत, एकदम ओढल्यास तर तिन्ही आवळतील. बहुतेक मुलं एका रात्री जेवताना रागाच्या भरात सगळं सांगून मोकळी होतात. सकाळी उठून बघतात तर फोन काढून घेतलेला, खात्यातले पैसे वडिलांच्या हातात आणि कॉलेजची फी अडकलेली. देवाची गाठ सगळ्यात शेवटी घे. तिला मुदत नाही. आधी गट, मग कागद आणि खोली, मग घर.

गट सोडायला राजीनामा लागत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं नाव तिथेच राहतं, ते कापून आणायच्या भानगडीत पडू नकोस. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाणं एकदम बंदही करू नकोस, फक्त जागा बदल. गटाच्या लॅटिन मिस्साऐवजी धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमधल्या, मराठी मिस्साला जा. चर्चच्या कायद्यातल्या कलमाला कॅनन म्हणतात. कॅनन १२४८ प्रमाणे रविवारचं बंधन कुठल्याही कॅथलिक विधीच्या मिस्साने, अगदी शनिवारी संध्याकाळच्यासुद्धा, पूर्ण होतं. 'पोरगं चर्चला जात नाही' असं मग कोणाला म्हणता येत नाही. मराठी मिस्सा संशयास्पद आहे, असं गटात तुझ्या मनावर ठसवलंय. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी १९६२ च्या जुन्या मिस्सा-ग्रंथाचा वापर बिशपांच्या परवानगीवर आणून ठेवला. तेव्हा परवानगीचा प्रश्न तुझ्या धर्मग्रामाला नाही, गटाला लागू होतो. पण हे मनात ठेव, वाद घालू नकोस. लॅटिनच्या शुद्धतेवर जे तासभर बोलतात त्यांना मिस्सातलं 'किरिये एलेइसॉन' (प्रभू, दया कर) ग्रीक आहे, हे सांगूनही फरक पडत नाही. दोन-तीन महिने असे जाऊ दे. नाशिक रोड काय नि त्र्यंबक नाका काय, आपली माणसं एकमेकांना ओळखतात. त्यांनी तुला चर्चमध्ये बघितलेलं बरं.

सगळ्यात जास्त मुलं कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली देताना, फसतात, म्हणून ते नीट सांगतो. कोणाकडे कन्फेशन करायचं हे तू ठरवायचं (कॅनन ९९१). कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादरना कोणालाही, कुठल्याही कारणाने सांगता येत नाही (९८३). दुसऱ्या मुलाचं नाव विचारायलाही त्यांना मनाई आहे (९७९). कोणी विचारलंच तर 'फादर, ते सांगायची गरज नसते' एवढं म्हण. खरी गडबड त्यानंतर होते. जाळीपलीकडून उठून ते म्हणतात, 'ये, बाहेर हॉलमध्ये बसून बोलू.' हॉलमधलं बोलणं म्हणजे संस्कार नव्हे, त्याला कन्फेशनच्या गुप्ततेचं बंधन नाही. चहाच्या कपावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळी आईच्या कानावर गेली, असं होतं ते इथे. आणि गटातले जे अंकल 'मला सांग, मी फादरशी बोलतो' म्हणतात, त्यांना तर काहीच सांगू नकोस.

चर्चची शिकवण मी गोड करून सांगणार नाही. कॅटेकिझम या चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकातला परिच्छेद २३५७ समलिंगी संबंधांना चूकच म्हणतो. पुढचाच, २३५८, अशा माणसांशी आदराने, करुणेने आणि हळुवारपणे वागा, अन्यायी भेदभाव करू नका, असं सांगतो. गटात पहिला पाठ करून घेतात, दुसऱ्याचं पान उलटून जातात. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने समलिंगी जोडप्यांना साधा, विधीबाहेरचा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, पण ते लग्न नव्हे हेही त्यातच स्पष्ट केलं. त्यावर फार आशा बांधू नकोस. 'स्वर्गाकडे आक्रोश करणारी पापं' ही यादी तुला तोंडपाठ असेल. चारच पापं आहेत तिच्यात. गटात तुला ऐकवतात ते समलिंगी संबंधाचं त्यातलं एक, आणि चौथं आहे मजुराची मजुरी बुडवणं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्या लोकांना त्या चौथ्यावर एखादं प्रवचन ऐकायला मिळावं, असं मला फार वाटतं.

तुझं कळलं की घरचे 'उपाय' काढतील. कोणता उपाय कशाने अडतो, ते आधीच माहीत असू दे.

सैतान काढायची प्रार्थना: बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणालाही ती करता येत नाही (कॅनन ११७२). बांधून ठेवणं, मारणं असले प्रकार झाले तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो फक्त बाबा-बुवांपुरता नाही.

डॉक्टर: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३ प्रमाणे समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक समजुतींशी न जुळणं हा आजार ठरत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'बदलण्याचे उपचार' हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. 'फक्त एकदा चल, गप्पा मारतील' म्हणून गाडीत बसवलं आणि गाडी एखाद्या केंद्राच्या फाटकात शिरली, तर उतरल्या उतरल्या मोठ्याने सांग, 'मी सज्ञान आहे, माझी संमती नाही.' कुठल्याही कागदावर सही करू नकोस. फोन हातात असला तर ११२ लाव.

सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण: हा उपाय आईच्या डोळ्यांत आशा घेऊन येतो, म्हणून जास्त जड जातो. पण रोमच्या २००५ च्या सूचनेप्रमाणे ज्यांचा हा कल खोलवर रुजलेला आहे त्यांना सेमिनरीत घेता येत नाही. म्हणजे आत जायचं तर खोटं बोलूनच. शिवाय जीवनमार्ग निवडताना कोणावर जबरदस्ती नको, हे कॅनन २१९. गट चर्चची आजची, १९८३ ची कायदासंहिता मानत नसेल तर १९१७ च्या जुन्या संहितेतला ९७१ दाखव, त्यातही कोणाला जबरदस्तीने धर्मगुरू करणं निषिद्धच आहे.

लग्न: धाकाने केलेलं लग्न चर्चमध्ये मुळातच अवैध (आजचा ११०३, जुना १०८७). लग्नाआधीच्या चौकशीत फादर मर्जीबद्दल विचारतात. तिथे 'नाही' म्हणता येतं. पण तिथपर्यंत जाऊच देऊ नकोस, त्या मुलीचा काय दोष?

आता कागद आणि फोन. इथे घाई नको, महिनाभर लागू दे.

पहिलं सिमकार्ड. तुझं सिम वडिलांच्या नावावर असेल तर ते कधीही बंद करू शकतात. अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःच्या आधारवर नवं घे. मग आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदल, कारण जुना वडिलांचा असला तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर वाजतो. त्यासाठी आधार केंद्रात स्वतः जाऊन बोट टेकव. कोणी विचारलं तर बँकेने सांगितलं म्हण, आणि ते खरंच असेल, कारण पुढची पायरी बँकच आहे.

लहानपणी वडिलांसोबत उघडलेलं खातं तसंच राहू दे. दुसऱ्या बँकेत, जिथे नात्यातलं कोणी नाही अशा शाखेत, नवं खातं काढ. इथे एक गोष्ट हमखास चुकते: डेबिट कार्ड आधारवरच्या पत्त्यावर पोस्टाने येतं आणि दार आई उघडते. म्हणून शाखेतच हातात मिळणारं किट माग. पासबुकही तिथूनच घे.

फोनमध्ये तीन ठिकाणं तपास: व्हॉट्सअॅपची जोडलेली उपकरणं, गुगलची लोकेशन शेअरिंग आणि रिकव्हरी नंबर. आणि दिवाणखान्यातला टीव्ही. त्यावर तुझंच गुगल खातं सुरू असेल, तर रात्री पांघरुणात शोधलेलं सकाळी टीव्हीच्या पडद्यावर 'तुमच्यासाठी' म्हणून दिसतं. घरातल्यांना कळतं ते बऱ्याचदा असंच.

मूळ कागद एकदम उचलू नकोस. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, पॅन, पासपोर्ट असेल तर तो. फॉर्मसाठी, झेरॉक्ससाठी म्हणत एकेक बाहेर काढ आणि विश्वासू मित्राकडे ठेव. बाकी डिजिलॉकरमध्ये. ओबीसी सवलत घेत असशील तर नॉन-क्रिमिलेयरचा दाखला आधीच काढून ठेव. त्याला वडिलांच्या उत्पन्नाचे कागद लागतात, घर सोडल्यावर ते कोण देणार? बाप्तिस्म्याचा दाखलाही एक प्रत मागून ठेव.

घरातलं सोनं, रोख, आईची एखादी बांगडीसुद्धा, काहीही नेऊ नकोस. घर सोडणं गुन्हा नाही, पण चोरीची तक्रार झाली की सगळं प्रकरण फिरतं.

पैशाचा हिशेब वहीत मांड. समजा कॉट बेसिसवर भाडं ४,०००, खानावळ ३,०००, फोन-प्रवास १,०००. महिन्याला ८,०००, तीन महिन्यांचे २४,०००. वर डिपॉझिट ८,०००. म्हणजे ३२,००० जमल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे धरलेले आकडे आहेत, तुझ्या भागातले घाल. घर नाशिक रोडला असेल तर खोली गंगापूर रोडकडे बघ, रोज कोणी ओळखीचं समोर यायला नको. कॉलेजचं वर्ष चालू असेल तर परीक्षा होईपर्यंत थांब. अगदीच सुटलं तर मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, नोकरी करून पदवी पुरी होते.

घरी सांगायचंच, असा नियम नाही. दोन वर्षं वेगळं राहून मग सांगणारेही पुष्कळ. पण सांगायचं ठरलं तर एकट्या व्यक्तीला सांग. बहुतेकदा आई, कधी मोठी बहीण. दिवस साधा, मधल्या वारी. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा नको, फेब्रुवारीतली बाळ येशूची यात्रा तर नकोच. तेव्हा घरात गावोगावचे पाहुणे गाद्या टाकून झोपलेले असतात आणि रडायलाही कोपरा मिळत नाही. वाक्यं मोजकी ठेव: 'आई, माझा ओढा मुलींकडे नाही, मुलांकडे आहे. हे आजचं नाही. तुला आत्ता काही बोलायची गरज नाही.' मग गप्प बस. बायबलमधल्या वचनांवर वाद सुरू झाला तर उतरू नकोस, त्यात तू जिंकलास तरी ती हरलेली असते. मित्राला वेळ सांगून ठेव. तासाभराने त्याने फोन करायचा, आणि तू 'अकाउंटच्या नोट्स घेऊन येतो' म्हणालास की त्याने गाडी काढून यायचं.

'पोलिसांत देईन' अशी धमकी आली तर घाबरू नकोस. ६ सप्टेंबर २०१८ पासून सज्ञानांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही. लग्नाला मात्र कायद्याने मान्यता नाही, ऑक्टोबर २०२३ चा निकाल तसाच आहे. आणि मुलाच्या लग्नाचं वय २१ असलं तरी स्वतंत्र राहायला १८ पुरेत. निघालास त्याच दिवशी घराच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला अर्ज दे: नाव, जन्मतारीख, स्वखुशीने घर सोडलंय, कोणी पळवलेलं नाही, घरातली कुठलीही वस्तू घेतलेली नाही. दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. जाता आलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठव. हरवल्याची तक्रार आधीच झाली असेल तर जबाब द्यायला वकिलाला किंवा मित्राला घेऊन जा. ठाण्याच्या आवारात काका कितीही प्रेमाने म्हणाले तरी त्यांच्या गाडीत बसायचं नाही. मोफत कायदेशीर मदत १५१०० वर मिळते. रात्री मन फारच खाली गेलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

डेटिंग अॅपवरून कोणाला भेटणार असशील तर पहिली भेट गर्दीच्या जागी, आणि चेहरा दिसेल असा फोटो कोणालाही नाही. पैसे मागून धमकावलं तर एक रुपयाही देऊ नकोस, चॅट जपून ठेव आणि सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीला, १९३० ला, तक्रार कर.

राहिले रविवार. पहिले आठ-दहा अवघड जातात आणि त्याबद्दल आधी कोणी सांगत नाही. गटात मध्यरात्रीपासून उपास पाळून कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घ्यायची सवय लागलेली. चर्चच्या आजच्या नियमात तासाभराचाच उपास आहे, पण अंगाला ते कळत नाही. नाशिकमध्ये रविवारी सकाळी आठला मित्र तुला मिसळ खायला नेतील. तर्रीचा वास येईल, पाव पुढे येईल, आणि पहिला घास घशाखाली उतरणार नाही. तेव्हा उठून जाऊ नकोस. पाणी पी, कांदा-लिंबू टाक, मित्रांचं बोलणं ऐकत बस. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी अर्धी प्लेट जाईल.

तुझा,
एक ज्येष्ठ मित्र